एक नंबरचा अभ्यास

४ जुलै
हंगामाचा पहिला दिवस. संकल्प: या वर्षी पहिली जागा आपली. लिहून ठेवलं की पक्कं होतं, म्हणून लिहितोय.

चार वर्षं मी या फुटबॉल क्लबचा दुसरा गोलकीपर आहे. दुसरा गोलकीपर म्हणजे गाडीची स्टेपनी. सगळीकडे बरोबर जाते, रस्त्याला लागत नाही. पहिल्या गोलकीपरला सगळे 'एक नंबर' म्हणतात. तो माझा शत्रू. वैयक्तिक काही नाही, धंदा आहे. शत्रूला हटवायचं तर त्याचा अभ्यास हवा. आजपासून सुरू.

निरीक्षणं: डावा पाय किंचित पुढे ठेवून उभा राहतो. कॉर्नरच्या आधी खालचा ओठ चावतो. उजव्या कानामागे तीळ आहे. (तिळाचा उपयोग अजून ठरलेला नाही. नोंद असलेली बरी.)

९ जुलै
सरावाचा सामना. सामन्याआधी एक नंबरला गरम करणं हे माझं अधिकृत काम. त्याच्यावर फटके मारायचे. आधी जमिनीलगत, मग छातीवर, मग उंच. शेवटचे चार-सहा अगदी सोपे, थेट हातात जाणारे, म्हणजे त्याला वाटावं की आज आपल्याला कोणी हरवू शकत नाही. कालच ठरवलं होतं, या वर्षी शेवटचेही अवघड मारायचे. त्याचा आत्मविश्वास पार खच्ची करायचा.

सोपेच मारले. मैदान ओलं होतं. घसरून पडला असता तर बोट माझ्याकडेच दाखवलं असतं.

तो थँक्यू म्हणाला. दर वेळी म्हणतो, चार वर्षांत एकदाही विसरलेला नाही. ही त्याची ताकद की कमजोरी, ते बघायला हवं.

१६ जुलै
आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, हात धुऊन मागे लागलाय. अक्कलदाढ दुखते म्हणतो, तुझ्या हिला सांग ना. 'ही' म्हणजे माझी डेंटिस्ट.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका क्लबच्या विंगरबद्दल अफवा उठली की त्याला मुलींमध्ये रस नाही. त्याचा पाय बॉलला लागला की अख्खं स्टेडियम शिट्ट्या मारायचं. शेवटी त्याने खेळणंच सोडलं. त्याच सुमारास मला डेंटिस्ट भेटली. निव्वळ योगायोग. ती दुसऱ्या शहरात असते, फार बिझी असते आणि फोटो काढलेले तिला आवडत नाहीत.

स्टॉपरला सांगितलं, ती फक्त लहान मुलांचे दात बघते. तो म्हणाला, दात तो दात. मी म्हटलं, अरे तिची खुर्चीच लहान आहे. तेव्हा गप्प बसला.

आता, मागच्या हंगामात गोलपोस्टवर आपटून माझा पुढचा दात अर्धा तुटला, तो अजून तसाच आहे. पण तुटका दात आणि डेंटिस्ट यांची सांगड घालायला डोकं लागतं. फुटबॉलवाल्यांचं सगळं पायात.

एक नंबर मात्र माझ्या तोंडाकडे बघून हसला. नोंद: हसताना खळी पडते. डाव्या गालाला.

२ ऑगस्ट
ताईचा फोन. ताई शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला सगळ्याचा हिशेब लागतो. म्हणाली, मी विचारलं तू कसा आहेस, आणि मघापासून तू सांगतोयस तो कसा आहे. तो काय जेवतो, तो बसमध्ये मान कशी वाकडी करून झोपतो. मध्ये श्वास तरी घे. मी समजावलं की हा प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास आहे, पुढे उपयोगी पडतो. ती म्हणाली, बरं.

ताईचं 'बरं' फार वाईट असतं. लहानपणी खिडकीची काच मांजराने फोडली असं मी सांगितलं होतं, तेव्हाही ती बरंच म्हणाली होती.

२० ऑगस्ट
संधी! सरावात एक नंबरचा अंगठा मुरगळला. कोच मला म्हणाले, तयार राहा, शनिवारी तूच. चार वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण.

मी लगेच बर्फ आणला. अंगठा बादलीत धरून बसलो, कारण तो स्वतः नीट धरत नव्हता. मग पट्टी बांधली. फिजिओची पट्टी सैल होती म्हणून ती सोडून पुन्हा बांधली. संध्याकाळी आणखी एकदा.

२३ ऑगस्ट
अंगठा बरा झाला. तोच खेळला. फिजिओ म्हणतात, इतक्या लवकर उतरलेली सूज त्यांनी बघितलेली नाही.

हातातोंडाशी आलेला घास गेला. पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही? शिवाय जखमी माणसाला हरवण्यात काय मजा. पुढच्या वेळी बर्फ आणणार नाही.

६ सप्टेंबर
आज माझ्या हुशारीवर मीच खूश आहे. मोठ्या क्लबमधून टोपीवाले साहेब आले होते, एक नंबरला पारखायला. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही त्याला रोज जवळून बघता, तुमचं मत सांगा. विजेसारखी कल्पना चमकली. त्याची तोंड भरून स्तुती करायची. ते त्याला घेऊन जातील, जागा मोकळी. साप मरेल, काठीही तुटणार नाही.

बोलायला सुरुवात केली. म्हटलं, बॉलसाठी पुढे येताना तो ओरडतो आणि त्या आवाजाने मागच्यांना धीर येतो. गोल खाल्ला तर जाळ्यातून बॉल स्वतः काढून आणतो आणि ज्याच्या चुकीने गोल झाला त्याच्याकडे बघत नाही, त्याला अपमान वाटू नये म्हणून. हरलो की बसमध्ये सगळ्यात शेवटी चढतो. एकदा मला ताप होता तर रात्रभर खुर्चीवर बसून होता आणि सकाळी म्हणाला, झोपच येत नव्हती.

साहेबांचा चहा गार झाला. मधूनच त्यांनी लिहायचं थांबवलं. विचारलं, तुम्ही किती वर्षं एकत्र आहात? मी म्हटलं, चार. ते म्हणाले, छान आहे. काय छान आहे ते कळलं नाही. पण बेत जमला.

२२ सप्टेंबर
बेत फत्ते. मोठ्या क्लबने त्याला मागणी घातली.

बाहेरगावी सामना होता. कोचचा नियम, दोन्ही गोलकीपर एका खोलीत. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांती, पडदे ओढलेले. एक नंबर झोपला नव्हता. बेसिनमध्ये ग्लोव्हज धूत उभा होता, ते आधीच स्वच्छ होते. पाठमोरा असतानाच म्हणाला, टोपीवाल्यांनी सांगितलं मला, तू काय काय बोललास ते. माझी आईसुद्धा माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत नाही. मी म्हटलं, जे आहे ते सांगितलं. मग त्याने नळ बंद केला आणि विचारलं, मी जाऊ का? तू सांग.

मी म्हटलं, जाच. अशी संधी पुन्हा येत नाही.

तो म्हणाला, तुझं दुसरं काहीच म्हणणं नाही? मी म्हटलं, कोचना कोणीतरी लागेल, मी तयार आहे. तो 'हं' म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, ती डेंटिस्ट खरंच आहे ना? मी म्हटलं, आहे. बिझी असते. त्याने माझ्या दाताकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मीही आडवा झालो. छातीत धडधडत होतं. विजयाच्या आनंदाने होतं तसं.

३० सप्टेंबर
त्याचा शेवटचा सामना. गरम करायला मीच. शेवटचे फटके सोपे मारले. एकदम नियम कशाला मोडायचा.

शेवटचा बॉल त्याने लगेच परत फेकला नाही. छातीशी धरून उभा राहिला. मग थँक्यू म्हणाला.

सामना संपल्यावर सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. मीही काहीतरी बोलणार होतो, बाथरूममध्ये तयारीही केली होती. माझी पाळी आली तेव्हा विमा एजंटासारखा हात पुढे केला आणि म्हणालो, गाडीत गार लागतं, स्वेटर वर ठेव. तो हो म्हणाला.

७ ऑक्टोबर
पहिल्या गोलकीपरच्या जर्सीत पहिला सामना. गरम करायला सहायक कोच होते. त्यांनी शेवटचे फटके धडाधड मारले, सोपा एकही नाही. लोकांना पद्धत म्हणून माहीत नसते.

चार गोल खाल्ले. ऊन डोळ्यांवर होतं. (उत्तरार्धात ऊन पाठीवर होतं, त्याचा वेगळा त्रास असतो.) प्रत्येक गोलनंतर माझी नजर बेंचकडे जात होती. तिथे मी असायचो आणि इथे तो, ही सवय आहे, जाईल.

१२ ऑक्टोबर
क्लबने नवा गोलकीपर आणला. मी पुन्हा स्टेपनी. कोच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, तू त्याला तयार कर, तुझा अभ्यास दांडगा आहे.

नव्याचा अभ्यास सुरू केला. निरीक्षणं: उंच आहे.

आणखी काही सुचत नाही. कानामागे काय आहे ते बघायची इच्छाही झाली नाही.

ताईचा फोन आला. म्हणाली, आवाज का असा? म्हटलं, सर्दी. ती म्हणाली, तुला त्याची जागा हवी होती, मिळाली होती की. मग सर्दी कसली? मी नाक ओढून दाखवलं. ती फोन धरून होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, ताई, मला त्याची जागा नको होती गं. तो हवा होता. मला मुली नाही आवडत, तो आवडतो.

हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

ताई म्हणाली, बरं. पण हे 'बरं' वेगळं होतं. पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाली, मला काय सांगतोस वेड्या, त्याला सांग. आणि तो दात बसवून घे.

१५ ऑक्टोबर
त्याला सांगायचं नाही असं ठरवलं. उगाच त्याच्या करिअरला धक्का नको. संयम ही गोलकीपरची पहिली शिकवण.

संध्याकाळी त्याचाच मेसेज आला. दात दुखतोय, तुझ्या डेंटिस्टला विचारशील का?

बूट अर्धवट काढलेले, तसाच बाकावर बसलो. पुष्कळ लिहिलं, पुष्कळ खोडलं. शेवटी पाठवलं: डेंटिस्ट नाही. कधीच नव्हती. जा म्हणालो ते खोटं होतं, जाऊ नकोस म्हणायचं होतं. तू मला आवडतोस. पहिल्यापासून.

पाठवल्यावर फोन बुटात ठेवला. बूट बाकाखाली ढकलला. पेनल्टीलासुद्धा मी इतका घाबरत नाही. (पेनल्टी माझ्यावर फारशी कोणी मारलेली नाही.)

उत्तर आलं. डेंटिस्ट नाही हे तुझा दात बघून कळत होतं. दुसरं कळत नव्हतं, म्हणून तर त्या दुपारी तुला विचारलं.

मग: तीन वर्षांचा करार करून बसलोय गाढवा.

मग: ये इकडे.

मग: दात खरंच दुखतोय.

मी लिहिलं, कोमट पाण्याच्या गुळण्या कर. याहून मोठं प्रेमपत्र मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

१६ ऑक्टोबर
संकल्प: खोटं बंद. उद्या कोचकडे जायचं, छाती पुढे काढून खरं कारण सांगायचं आणि दोन दिवसांची सुट्टी घ्यायची. आरशासमोर तालीम केली. उत्तम झाली.

१७ ऑक्टोबर
कोचच्या खोलीत गेलो. म्हटलं, सर, दोन दिवस सुट्टी हवी, दात दाखवायचाय. (खरं कारण टप्प्याटप्प्याने सांगणार होतो. एकदम सांगितलं तर समोरच्याला धक्का बसतो.) कोच म्हणाले, त्यासाठी सुट्टी कशाला? तुझ्या तिला बोलाव की इकडे. मी म्हटलं, सर, ती नाहीये.

पुढचं वाक्य तयार होतं. तुटक्या दातापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात कोच खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, सोडून गेली?

मी हो म्हटलं.

दोनऐवजी तीन दिवस सुट्टी मिळाली. मी ड्रेसिंग रूममध्ये पोचायच्या आत बातमी पोचली होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. कॅप्टनने गाणी बंद केली. नव्या कीपरने माझे बूट पुसून ठेवले. आणि मला तर उद्या सकाळच्या बसचा इतका आनंद झाला होता की तोंड टॉवेलमध्ये खुपसून बसावं लागलं. सगळ्यांना वाटलं, रडतोय. थोडं रडतही होतो.

स्टॉपर शेजारी येऊन बसला. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, वाईट झालं रे. पण जायच्या आधी तिच्याकडून तेवढा दात तरी बसवून घ्यायचास.