बीमवरची दुसरी गिरकी

सर, तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा हॉलवर रोज भेट व्हायची, लिहायची गरजच नव्हती. आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर लिहिण्यात काही अर्थ नाही, एवढं मलाही कळतं. पण हे ऐकून घेईल असं दुसरं माणूस उरलेलं नाही. घरी सांगितलं तर हे म्हणतील, एवढं काय त्यात, शाळेतल्या पोरींची स्पर्धा ती, ऑलिम्पिक होतं का? नव्हतं. जिम्नॅस्टिक्सची जिल्ह्याची निवड चाचणी होती, आणि पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या. राज्याला गेलं की दहावीला वाढीव गुण, आणि पुढे नशीब असेल तर खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. पनवेलच्या पोरींसाठी ऑलिम्पिक म्हणजे तेवढंच, आणि ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

तरी ऑलिम्पिकचं सांगायलाच हवं, कारण त्या एका मिनिटाचं खूळ तिथूनच आलं. फ्लोअरच्या, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींच्या फायनलला शेवटच्या मुलीचे गुण कमी धरले म्हणून तिच्या प्रशिक्षकांनी हरकत घेतली. पंचांनी ती मान्य केली, गुण वाढले आणि ब्राँझ तिला मिळालं. मग काही दिवसांनी निकाल आला, की शेवटच्या मुलीसाठी हरकत घ्यायला एकच मिनिट असतं आणि ही चार सेकंद उशिरा आली, तेव्हा पदक परत द्या. आम्ही सगळे पंच आठवडाभर फोनवर तेवढंच बोलत होतो. अर्धे म्हणत होते नियम तो नियम, अर्धे म्हणत होते पोरीने काय घोडं मारलंय. तुमची फार आठवण झाली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, आधी मला सांगा, तिने ती उडी मारली होती का नव्हती? त्यावर कुणी बोलतच नव्हतं. आमच्या संघटनेने मात्र लगेच पत्रक काढलं, यापुढे एक मिनिट म्हणजे एक मिनिट. ते मोजायचं कुणी, हे त्या पत्रकात कुठेच नव्हतं.

चाचणी कळंबोलीच्या एका शाळेत होती. बीमला अवघड कसरती मोजायला दोन पंच लागतात, मी एकटीच होते. दुसऱ्या बाई आल्याच नाहीत. ते नेहमीचंच आहे, तुमच्या वेळीही असंच चालायचं. शेवटी आली ती पळस्प्याच्या पलीकडच्या गावातली मुलगी. काटकुळी, गुडघ्याला पट्टी, आणि वीतभरही रुंद नसलेल्या त्या बीमवर चढली की घरच्या ओट्यावर चढल्यासारखी निवांत. तिची प्रशिक्षक म्हणजे तुमच्या शेवटच्या तुकडीतली आपलीच सगळ्यांत धाकटी पोरगी. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तिला वर्षभर मी शिकवलं, ती. आता ती गावातल्या समाजमंदिरात पंधरा मुली घेऊन बसते. मी तिला आणि ती मला ओळखते, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. सकाळीच एकजण चहा पिताना हसत म्हणाला होता, आज काय मॅडम, घरचंच कार्य दिसतंय. मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यात बसलं होतं.

आता खरं ते लिहिते. मुलीने कसरत सुरू केली आणि माझं पेन उमटेना. झालं ते एवढंच. आपण पोरीवरची नजर न काढता कागदावर खुणा करत जातो. तुम्ही मला सहा महिने तेच घोटून घोटून शिकवलं होतं, कागदाकडे बघायचं नाही, हात आपोआप चालला पाहिजे. मी खाली बघितलं. पेन झटकलं, पर्समधून दुसरं काढलं, टोपण उघडलं. मान वर केली तेव्हा ती गिरकी संपवून हात वर करून उभी होती. एका पायावर एक गिरकी घेतली तर एक दशांश, दोन घेतल्या तर चार. गेल्या वर्षी तिला मी एकच घेताना पाहिलं होतं. मी एक लिहिली. सर, माझ्या हाताला शंकासुद्धा आली नाही.

गुण लागले आणि ती दोन दशांशांनी चौथी आली. आपली पोरगी, तिची प्रशिक्षक, धावतच टेबलाशी आली. प्रशिक्षकाने म्हणायचं असतं मॅडम, ती म्हणाली, "ताई, ती दोन फिरली. आमी सगळ्यांनी बघितलं." बाजूचे सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, की माझ्या नजरेतून सुटलं, मुख्य पंचांना विचारू. शंभरदा मनात म्हणून बघितलंय, चार सेकंदसुद्धा लागत नाहीत. पण ती ताई म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता हे टेबलावरचे म्हणणार, आपल्या हॉलची पोरगी आली म्हणून हिने गुण वाढवले. मी म्हणाले, मिनिट होऊन गेलंय, हरकत घेता येणार नाही. कुणी मोजलं, तिने विचारलं. मी मोजलं, मी म्हणाले. मी काही मोजलं नव्हतं. तिने हातातल्या लेखी अर्जाच्या कागदाची घडी घातली आणि ती आमच्याकडे मान लववून गेली. पंच चुकले तरी सलाम करूनच टेबल सोडायचं, ही तुमचीच शिकवण.

त्या सलामाने मला कुठे नेऊन टाकलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी नववीत आहे, राज्य स्पर्धा आहे, मी बीमवरून उतरलेय आणि चौथी आलेय. माझी एक उडी पंचांनी धरलीच नाही. मला पक्कं माहीत आहे, मी ती मारली होती. मी तुमचा शर्ट धरून म्हणतेय, सर, हरकत घ्या ना. तुम्ही जागचे हलत नाही. मी रडून आकांत करते तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापता, पंचांवर खापर फोडायचं असेल तर उद्यापासून हॉलवर पाय ठेवू नकोस. मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. आई म्हणायची, घाबरट आहे तुझा मास्तर, मोठ्या लोकांशी वाकडं घ्यायची हिंमत नाही त्याच्यात. मला ते पटलं होतं. तुम्ही दिवसभर लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसून ट्रकच्या पावत्या फाडणारा माणूस, तुम्हाला कुठून येणार हिंमत, असं मी त्या वयात मनात म्हणाले होते. त्याच काट्यावर एका रविवारी तुम्ही आम्हा बारा जणींना एकदम उभं केलं होतंत आणि सगळ्यांचं मिळून वजन सांगितलं होतंत, आम्ही हसून हसून लोळलो होतो. ते मी विसरले, झापलेलं लक्षात ठेवलं.

मग पुष्कळ वर्षांनी काकूंच्या स्वयंपाकघरात मला ते कळलं. मी नुकतीच पंचांची परीक्षा पास झाले होते आणि पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. नियमांचं इंग्रजी पुस्तक तुम्ही अख्खंच्या अख्खं मराठीत उतरवून काढलं होतं, दोन लांबड्या वह्या भरून, त्या तुम्ही त्याच दिवशी मला दिल्यात. तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात. एका ऑलिम्पिकमध्ये पंचांनी एका दशांशाची चूक केली, कबूलही केली, पण हरकत वेळेत आली नव्हती म्हणून पदकं होती तशीच राहिली, अशी बातमी होती. ती तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलीत. आत काकू बिरड्यासाठी वाल सोलत होत्या, मीही बसले सोलायला. मी सहज म्हटलं, काकू, माझ्या वेळी सरांनी हरकत घेतली असती तर मीही आज पदकवाली असते. काकूंनी हातातला वाल पातेल्यात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, त्यांनी बघितलंच नव्हतं. तू बीमवर चढलीस की ते भिंतीकडे तोंड करायचे."

तुमच्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी बीमवरून मानेवर पडली होती, ती पुन्हा कधी धड चालली नाही, हे त्या दिवशी काकूंनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्यातली कुणीही बीमवर चढली की तुम्ही भिंतीकडे बघत आकडे मोजायचात आणि आमच्या पायांच्या आवाजावरून चुका सांगायचात. आम्हाला वाटायचं सरांना पाठीलाही डोळे आहेत. त्या दिवशी पंचांनी विचारलं असतं, तुम्ही उडी पाहिली का, तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. हो म्हणणं तुम्हाला जमलं नसतं. काट्याच्या पट्टीवर सगळी चाकं आहेत का हे स्वतः उतरून बघितल्याशिवाय तुम्ही पावतीवर सही करत नव्हतात, ट्रकवाले बाहेर शिव्या घालायचे तरी. तुमचा राग यायचा सोडून मला त्या दिवशी पातेल्यात तोंड घालून रडू आलं. काकूंना वाटलं पदकासाठी. मला सगळं कळलंय हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं स्वतःला समजावत आले. खरं तर महिनाभर अबोला धरल्याची माफी मागावी लागली असती.

म्हणजे बघा, तुम्ही न पाहिलेल्या गोष्टीला पाहिली म्हणाला नाहीत, म्हणून माझं पदक गेलं. मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली, म्हणून हिची राज्याची जागा गेली. एवढा फरक आहे तुमच्यात आणि माझ्यात, आणि पंचाचा कोट घालून मिरवते ती मी.

मुलीच्या वडिलांनी संघटनेच्या समितीकडे तक्रार केली. त्यांनी मोबाईलवर काढलेलं चित्रण आहे, पण गिरकीच्या नेमक्या वेळी मधे कुणाचं तरी डोकं येतं. शिवाय घरचं चित्रण समिती धरत नाही. पंचाचा लेखी खुलासा धरते. मी तो दिला, सर. मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत बसून लिहिला, सुवाच्य अक्षरात. दुसरी गिरकी पूर्ण झाली नव्हती, हरकत सत्तर सेकंदांनी आली. सत्तर कुठून आणले विचाराल तर साठाच्या पुढचा बरा दिसणारा आकडा म्हणून. समितीतले एक जुने गृहस्थ फोन करून म्हणाले, तुमच्यासारखे चोख पंच आहेत म्हणून चाललंय. मी धन्यवाद म्हणाले. माझी जीभ झडली नाही.

मग परवा आपल्या पोरीचा फोन आला. मला वाटलं शिव्या घालेल, मी मनाची तयारी करून बसले होते. तर ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाकी जाऊ दे. फक्त एवढंच सांगा, तुमी सोता बघितलं होतं ना?" मी हो म्हणाले. म्हणाले, शेवटी टाच आधी टेकली, पाव गिरकी उणी पडली. इतकं तपशीलवार खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. ती म्हणाली, मग बरोबर, सर सांगायचे पंच कमी धरत नसतात, आपलंच कुठेतरी कमी असतं. आता करून घेते तिच्याकडून. आणि तिने माझे आभार मानले.

काल शाळा सुटल्यावर मी पळस्प्याला रिक्षा बदलून त्यांच्या गावात गेले. काय सांगायचं ते ठरवूनच गेले होते, वाटेत दोनदा पुटपुटूनही बघितलं. समाजमंदिराचं दार उघडंच होतं. आपली पोरगी बीमशेजारी मांडी घालून बसली होती आणि म्हणत होती, अजून नाय, टाच लवकर पडतेय तुझी, परत. मुलगी परत चढत होती. पायाच्या चवड्याची सालं निघालेली, त्यावर चिकटपट्टी. तिने आता टाच टेकू नये म्हणून अंग मागे झोकायला सुरुवात केलीय आणि त्यामुळे ती पडते. माझ्यासमोर तीनदा पडली. चौथ्यांदा मात्र ती नवीन शिकलेलं विसरली असावी, जुन्या सवयीनेच फिरली. मी चप्पल पायात घालूनच दारात उभी होते. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि मी कुणाला हाक मारली नाही, तशीच परत फिरले.

हे पाठवायचं कुठे? तुमची खोली विकली, काकू मुलीकडे पुण्याला. समितीचा पत्ता माझ्याकडे आहे, तिथे पाठवायला हवं हेही कळतं. मी पाकीटच आणलेलं नाही. तिची ती गिरकी मी काल पहिल्यांदा पाहिली, सर. दोन होत्या. पूर्ण.