मल्हारगंजचा थांबा आणि सुहासिनीच्या टिकल्या

मल्हारगंज, इंदूर

ती. सरलाताईंना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वासुदेवचा, वाकून नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो, कारण हे पत्र त्यांच्यापायीच लिहितोय. मी बरा आहे. (या आठवड्यात वरण तीनदा करपलं, पण ते धरत नाही.)

फोनवर तुम्ही म्हणालात, सुहासिनीच्या वर्षश्राद्धाला येणं कठीण, महूहून बस मिळते पण उतरल्यावर आमच्या गल्लीपर्यंत चालवत नाही. मनाला लागलं. सख्खी बहीण नाही तर मग श्राद्धाला असणार कोण? तेवढ्यात नव्या बसलाइनीची जनसुनवाई आहे, लोकांना विचारून थांबे ठरवणार, असं कळलं, आणि मी ठरवलं, थांबा आपल्या गल्लीच्या तोंडाशी आणायचाच. आता इंदुरात सुनवाई म्हणजे आधी पोहे-जिलबी. अर्धे लोक तेवढ्यासाठीच येतात. (मीही दोन प्लेटी खाल्ल्या, खोटं कशाला बोलू.) एका इंदुरी भियाने तर माइक घेऊन वीस मिनिटं पोह्यांवर सेव कमी पडल्याची तक्रार केली, आणि तिथल्या कारकुनाने ती रीतसर सुझाव, म्हणजे सूचना, म्हणून लिहूनही घेतली.

मग भिंतीवरचा नकाशा. प्रत्येकाला एक लाल कागदी ठिपका, थांबा हवा तिथे चिकटवायचा. मोठ्या चौकातले दुकानदार चाळीस जण आलेले, त्यांच्या चौकावर गोवर उठल्यासारखं झालं. आमच्या गल्लीवर माझा एकट्याचा. ताई, त्या एकट्या ठिपक्याकडे बघून मला फार वाईट वाटलं. खिशात सुहासिनीच्या टिकल्यांचं पाकीट होतं. (का होतं ते विचारू नका. वर्षभर असतंच.) नाश्त्याच्या गर्दीत कुणाचं लक्ष नाही बघून मी अकरा टिकल्या चिकटवल्या. जन्मभर गणिताचा मास्तर म्हणून पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि उतारवयात हे धंदे.

पकडलं ते ऋजुता नावाच्या मुलीने. पुण्याहून इकडे नोकरीला आलीय, नकाशा तिच्याच ताब्यात होता. कागदी ठिपका मखमली कसा, म्हणून तिने बोट फिरवून पाहिलं. "काका, या टिकल्या आहेत," एवढंच म्हणाली. मी खरं काय ते सांगून टाकलं. तिने दहा टिकल्या अलगद काढून पाकिटावर परत लावून दिल्या, आणि अकरावी राहू दिली. काकूंचं एक मत धरते म्हणाली. मी तिथेच रडलो, पोह्यांच्या रांगेसमोर. शेजारच्याला वाटलं माझ्याही पोह्यांवर सेव नव्हती, त्याने बिचाऱ्याने आपली प्लेट पुढे केली.

थांबा अर्थात चौकातच गेला. दोन मतांनी काय होणार? तेव्हा ताई, तुम्ही येण्याचा त्रास घेऊ नका. गुरुजी आणि मी मिळून उरकून घेऊ.

आपला,
वासुदेव

ता. क. रिक्षा आमच्या दारापर्यंत येते हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. सुहासिनीशिवाय हे घर तुम्हाला बघवणार नाही, म्हणून गुडघे पुढे करता. मी रागावलेलो नाही.

आणखी एक. मलाही बघवत नाही. श्राद्ध महूला, तुमच्याकडे केलं तर चालेल का? गुरुजींना विचारलंय, ते हो म्हणालेत. मी आदल्या दिवशी येईन. नंतर दोन-चार दिवस, परत कधी जाणार असं मात्र विचारू नका.