तस्संच कार्ड

६ ऑक्टोबर, सोमवार
शॉक अब्सॉर्बर तपासायच्या बेंचचं कार्ड आज गेलं. सेन्सरचे आकडे कॉम्प्युटरला पोहोचवायचं ते. प्रोग्रॅम मी १९९८ साली लिहिलेला, तो फक्त याच कार्डाशी बोलतो. सोळाला चाकणचे ग्राहक येणार. बेंच बंद दिसला तर ऑर्डर गेली.
प्लँट मॅनेजर प्रणय (वय बत्तीस, बाकी दाढी) म्हणाला, मॅडम, नवं यूएसबी मॉड्यूल घेऊ, सॉफ्टवेअरही नवं. म्हणजे माझा प्रोग्रॅम कचऱ्यात. मग मी लॅबमध्ये करायचं काय? ठणकावून सांगितलं, तस्संच कार्ड आणते. चार दिवस पुष्कळ झाले.

७ ऑक्टोबर
कार्ड बनवणाऱ्यांना मेल. उत्तर लगेच आलं: हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, अजून कुणी वापरतं हे वाचून आनंद झाला. सोबत नव्या मॉडेलचं माहितीपत्रक. न वाचता डिलीट.
विशाखा (लॅबची इंजिनियर, हुशार, पण घाई फार) विचारते, मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममधली गणितं उतरवून घेऊ का? म्हटलं, गरज नाही, माझ्या डोक्यात आहेत. म्हणते, म्हणूनच विचारतेय.

९ ऑक्टोबर, गुरुवार
क्रांती चौकातली कॉम्प्युटरची दुकानं. पहिल्या दुकानदाराने मेमरी कार्ड काढलं. दुसऱ्याने ग्राफिक्स कार्ड. तिसरा म्हणाला, कार्डं वरच्या मजल्यावर छापून मिळतात, लग्न कुणाचं?
या शहरात तांत्रिक शिक्षणाचं काही खरं नाही.
चार दिवस झाले. पण पहिला दिवस धरायचा नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
पिशोरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जुना कॉम्प्युटर असल्याची पक्की खबर. गेले. कॉम्प्युटर आहे. त्यावर पावत्या छापतात. कार्ड नाही. मालकाने पिशवीभर अद्रक दिलं.
ड्रायव्हर कडूबा म्हणतो, तुमी बिनघोर हिंडा मॅडम. साहेबांनीच सांगितलंय, मॅडम म्हनतील तिकडं न्यायचं, आन परत आनायची घाई करायची नाय.
प्रणयबद्दल मत बदलायला हवं. माणसाची तब्येत सांभाळणारे मॅनेजर राहिलेत कुठे?

१३ ऑक्टोबर
पुणे. हॉटेल प्रणयने स्वतः बुक केलं. दोन रात्रींचं. मी म्हटलं, एक पुरे. तो म्हणाला, नाही नाही मॅडम, नीट शोधा.
जुन्या बाजारात पाय दुखेपर्यंत हिंडले. एकाने कॅसेट प्लेअर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. चांगला होता. घेतला.

१५ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ
मिळालं!!
परतताना आमच्या शेंद्र्याजवळ बन्सीच्या भंगार दुकानात सहज डोकावले. टोपलीत वरच. तेच मॉडेल, तोच रंग. बन्सी म्हणाला, ताई, चालंल का नाय त्याची ग्यारंटी नाय. कालच लॉट आलाय, इथल्याच कंपनीचा.
म्हणजे शेंद्र्यात आणखी कुणीतरी हे कार्ड वापरत होतं! अशा जाणकार माणसाची ओळख करून घेतलीच पाहिजे. कार्डाच्या पट्टीवर कुंकवाचं बोटही उमटलंय. संस्कारी कंपनी दिसते.
उद्या प्रणयचं तोंड बघण्यासारखं होईल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
नऊला कार्ड घेऊन लॅबमध्ये शिरले. बेंच चालू. ग्राहक भोवती उभे, माना डोलावताहेत. माझ्या कॉम्प्युटरच्या जागी साबणाच्या वडीएवढा निळा डबा आणि विशाखाचा लॅपटॉप. गणितं तिने जुन्या रिपोर्टांवरून जुळवली म्हणे. सोमवारी सगळं झालं.
ग्राहक चहाला गेल्यावर मी कार्ड टेबलावर ठेवलं. विशाखाने उलटून पाहिलं. मॅडम, हे कुंकू तर तुम्हीच लावलेलं. दर खंडेनवमीला कॉम्प्युटर उघडून लावता ना? परवा बन्सीकडे तोच तर दिला.
मी म्हटलं, ओळखलं होतं. खात्री करायची होती.
प्रणय छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.
ऑर्डर राहिली. कंपनीच्या दृष्टीने चांगलं झालं.

संध्याकाळी
सगळे गेल्यावर विशाखाला म्हटलं, तो डबा कसा चालतो, दाखव. तिने खुर्ची ओढून दिली. बसा मॅडम, सोप्पंय. दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा विचारलं, कळलं ना? दोन्ही वेळा मी हो म्हटलं.
उद्या परत विचारावं लागेल.