नमुना घरातली चंची

२ एप्रिल, बुधवार
सकाळी सगळ्यांना विचारून झालं, मग वही उघडली. हिचा गुडघा : चढताना दुखतो, उतरताना नाही. मुलाची, दत्तूची, पाठ ठीक. त्याच्या बायकोचा, सुनीताचा, घसा बसलाय, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून. नातीचा ताप उतरला, आता सारखी खाऊ मागते. माझं बरं चाललंय.

सुनीतानं (पुढं नुसतं सु.) विकायला म्हणून इंदापूरबाहेर सहा घरांचे पाये घातले. उभं एकच, नमुना घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर. कारखान्यावर पाळीनं जाणाऱ्याला झेपेल असं. भिंत आतून पोकळ, छत पांढरं, वर झरोके. उन्हाळ्यात तापत नाही, विजेचं बिल थोडकं. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, एक तरी घर ठरलं तर पुढचं काम. नाहीतर पुण्यातली नोकरी धरणार म्हणते. तिघंही जातील. मग इथं आम्ही दोन म्हातारी आणि...

असो. गिऱ्हाइक बघायचं काम मी मागून घेतलं. तीस वर्षं दुधाची गाडी फिरवली, पणदऱ्यापासून बावड्यापर्यंत कुणाच्या ओसरीवर किती ऊन येतं ते मला ठाऊक.

५ एप्रिल
पत्रकं बारामतीला छापली, बावड्याच्या बाजारात वाटली. एकानं तिथंच त्यात भजी बांधून घेतली. दुसरा म्हणाला, "आबा, घर गार म्हंजी एशी हाय व्हय?" न्हाय म्हटलं. थर्मासचं उदाहरण दिलं. "मग त्यात गरम घातलं तर गरमच ऱ्हाईल की." पुढच्याला पत्रक दिलं.

पण वरकुट्याच्या मारुतरावांनी पत्रक उलटसुलट वाचलं. पूर्वी माझ्या गाडीला दूध घालायचे. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो म्हणाले. आई म्हणजे राजाक्का. त्या घरात शब्द त्यांचाच.

१३ एप्रिल, रविवार
चूक माझी. पाहुणे भर दुपारचे येणार, घामाघूम होणार, म्हणून मांडववाल्याकडून दोन मोठे कूलर आणून ठेवले. वर गारवा बाहेर जाऊ नये म्हणून झरोके बंद.

राजाक्का उंबऱ्यातच थांबल्या. "आबा, घर गार हाय म्हणता, मग ही दोन धुडं कशाला?"
म्हटलं, पाहुण्यांसाठी.
"ऱ्हायला आल्यावर आमी पाहुणं न्हाय. तवा काय करायचं?"

मारुतराव दुसरीकडं बघून हसले. कूलरचा ओलावा कोंडून आत नुसती चिकचिक. चहा घेऊन गेली मंडळी.

सु. कूलरची वायर गुंडाळत बसली. संध्याकाळी तिचा पुण्याला फोन चालला होता.

१५ एप्रिल
स्वतः वरकुट्याला गेलो. राजाक्का अंगणात पान कुटत होत्या. म्हटलं, चुकलो, पाहुणचाराच्या नादात.
"पाहुणचार का लपवाछपवी?"
"तुमच्या दुधात पाणी असायचं, तवा मी कधी बोललो का?"
खलबत्ता खाली ठेवून हसल्या. मग मी सांगितलं : एक दुपार येऊन झोपा. कूलर न्हाय, पंखा बी न्हाय. झोप लागली न्हाय तर घराचं नाव काढणार न्हाय.
"उशी माझी मी आणीन," म्हणाल्या.

२० एप्रिल, रविवार
ऊन असं, की डांबर चपलेला चिकटतंय. झरोके सताड उघडे. पंखा बंद. राजाक्कांनी आधी भिंतीवर बोटं वाजवली. "पोकळ हाय की ही." म्हटलं, तेच तर औषध. गोधडी अंथरून आडव्या झाल्या.

मी, मारुतराव, सु. बाहेर ओसरीवर. सु. हळूच म्हणाली, "आबा, झोप लागली असंल का?" म्हटलं, घोरणं ऐक.

साडेचारला उठल्या. म्हणाल्या, "सपान पडलं." कसलं ते नाही सांगितलं. घरभर फिरल्या, तुळस कुठं ठेवायची विचारलं. जाताना, "थोरल्या लेकीला विचारून सांगते."

सु. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

२६ एप्रिल
निरोप नाही. आखिती बुधवारी. नमुना घर झाडायला गेलो, तर कोनाड्यात राजाक्कांची चंची. सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, सगळं आत. सहा दिवस पानाशिवाय राहणारी बाई नव्हे ती. विसरली म्हणावं तर माणूस धाडला असता. का जागा धरून ठेवली?

सु.ला दाखवली. तिनं हातात घेतली, उघडली नाही, पुन्हा कोनाड्यातच ठेवली. म्हणाली, "फोन नका करू आबा. फोनवर माणूस घाईत न्हाय म्हणतं." पटलं. चिठ्ठी लिहून वरकुट्याच्या दूधवाल्याबरोबर धाडली. इथं उतरवून ठेवतो :

राजाक्का, सा. न.
तुमची कंबर, मारुतरावांचा खोकला, बरं असेल. आमच्याकडं सगळी ठीक. तुमची चंची कोनाड्यात आहे, कुणी हात लावलेला नाही. पाठवून देऊ, का आहे तिथंच राहू देऊ? दोनच ओळी लिहा, पण लवकर लिहा.