तिसऱ्या काट्याला पाच तारे

चि. चिमणीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या यजमानांचा खोकला त्यांच्या स्वभावापेक्षा तरी बरा असेल, अशी आशा करतो. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) आणि तुझ्या न्हाणीघरातला तो पिवळा वजनकाटा अजून आहे का गं? मांजर चढलं तरी बोकडाएवढं भरायचं त्यावर! त्याच्यापायी तू ऐन तारुण्यात रात्रीचं जेवण सोडलं होतंस आणि आम्ही सगळे दात काढत होतो.

इकडची हालहवाल अशी, की तुझ्या वहिनीची फाइल डॉक्टरीणबाईंनी मिटली. आता तपासण्या नकोत, वजनं बघत बसू नका, खावंसं वाटेल ते खाऊ द्या, म्हणाल्या. बाई फार गोड. पण गोड बोलून दार दाखवणारी माणसं मला पहिल्यापासून सोसत नाहीत. वजन बघू नका म्हणताय ना, मग वाढवूनच दाखवतो, असं मनाशी म्हटलं आणि घरी येता येता दोन वस्तू घेतल्या. एक पुस्तक आणि एक वजनकाटा.

पुस्तक होतं अशक्त माणसाला घरच्या घरी धडधाकट करण्याबद्दलचं. जन्मभर बाइंडिंग केलेल्या माणसाला मजकुराआधी शिवण दिसते. शेवटच्या पानांचा फर्मा लावायचाच राहिला होता! रोगी उशीला टेकून उठून बसतो आणि तिथंच पानं संपतात. मी तावातावानं परत करायला निघालो, तर तुझी वहिनी पलंगावरून म्हणाली, "राहू द्या हो. शेवटाची घाई कुणाला आहे?" म्हणून ते पुस्तक राहिलं.

काटा मात्र राहिला नाही. मी तिला लोणी, केळी, अंडी असं कोंबतोय आणि हा शहाणा दर रविवारी उतरतोय. घेतला बगलेत आणि गाठलं दुकान. दुकानदाराला आम्ही गॅरंटीवाला म्हणतो. (काडेपेटी विकली तरी प्रत्येक काडीची गॅरंटी देतो.) त्यानं पिठाची सीलबंद पिशवी काट्यावर ठेवली, ती तंतोतंत भरली. मी म्हटलं, पिठाला बरोबर दाखवतो, माणसाला चूक. "का हो काका, काटा काय पिठाच्या माहेरचा आहे?" तो म्हणाला आणि सगळं दुकान हसलं. पण बदलून दिला. दुसराही पहिल्याचाच सख्खा भाऊ निघाला. त्यातच फोनवर मेसेज आला, आपला प्रामाणिक अनुभव लिहा, तारे द्या. मी एक तारा दिला (शून्य देता येत नाही, ही आणखी एक फसवणूक) आणि लिहिलं, "या काट्याला आजारी माणसासमोर काय बोलावं याची रीत नाही." तो घेऊन पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा गॅरंटीवाल्यानं पिठाची पिशवी काढली नाही. चहा मागवला आणि तिसरा काटा पुढे सरकवला. मेला हसला असता तर बरं वाटलं असतं.

पण चिमणे, तिसरा काटा म्हणजे सोनं! लागोपाठ दर रविवारी आकडा चढताच. मी पाच तारे दिले आणि लिहिलं, "अखेर एक इमानी वस्तू भेटली." रविवारी सकाळी तिला नेमकी थंडी वाजते. (पंखा गरगरतोय, मी बनियनवर.) मग माझा जुना स्वेटर चढवून काट्यावर उभी राहते आणि म्हणते, "बघा, जड झाले ना?" मी म्हणतो, झालीस बाई! उतरताना धापा टाकते, पण वजन वाढलं की दम लागायचाच. तुला सांगायला नको. बाकी तक्रार एकच, दार अडवायचा दगड कुठं गेला कळत नाही, त्यामुळं दार दिवसभर आपटतं.

तेव्हा सगळं ठीक आहे. सवडीनं ये, घाई नाही.

तुझा,
दादा

ता. क. वरचं लिहून झालं आणि पलंगावर पडलेला स्वेटर उचलून खुंटीला अडकवला, तर खुंटी गिलाव्यासकट खाली. एका खिशात खलबत्त्यातला बत्ता, दुसऱ्यात दाराचा दगड. दोन्ही होते तसेच ठेवले, स्वेटर पुन्हा पलंगावर टाकला आणि बाहेर जाऊन उगाच नळ सोडून बसलो. तिला बोललो नाही, तूही बोलू नकोस. पण तिच्याच्यानं आता पाण्याचा तांब्या उचलवत नाही गं, आणि माझ्यासाठी हे ओझं अंगावर घेऊन उभी राहते. पुढच्या रविवारी पाटा घ्यायची! म्हणून तुझा तो पिवळा काटा घेऊन ये. आमचा बिघडला असं मी सांगेन. तुझ्या काट्यावर ती नुसती उभी राहिली तरी भरेल, खिसे भरायला नकोत. आणि येताना तो कुणा शहाण्याकडून नीट करून आणू नकोस.

आणखी एक. वर 'सवडीनं ये, घाई नाही' असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. खोडलेलंच समज.