समोर बसू नकोस

आई,

बसच्या लायसन्सची टेस्ट द्यायला चालले आहे, पुन्हा. तू झोपली आहेस तेच बरं, नाहीतर निघताना परत ऐकावं लागलं असतं, "जे होतं ते चांगल्यासाठीच." गेल्या टेस्टला रिव्हर्स घेताना बस खांबाला घासली आणि टेस्ट घेणारा तो साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुम्हाला स्कूटरच बरी." यात कुणाचं काय चांगलं झालं, ते मला समजाव!

त्या भटक्या मांजरीला खायला दे. वर्ष होत आलं खाऊ घालतेय, पण महाराणी अजून अंगाला हात लावू देत नाहीत. मासा मागच्या पायरीवर ठेव आणि सरळ आत ये. "ये गं बाई, खा गं बाई" करत समोर बसू नकोस. कुणी टक लावून बघितलं की ती उपाशीच निघून जाते. शंभरदा सांगितलंय तुला.

मागच्या वेळी मी नापास होऊन आले, तेव्हा ताट वाढून तू समोर बसलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. वर मावशीला फोनवर सांगितलंस, "पोरगी अगदी हसतमुख आहे गं!" मी काय हसत होते?

आज काहीही होवो, ताट झाकून ठेव आणि आत जा.

मी जेवेन.