बर्फाचा निळा

अप्पा, बर्फाचा रंग कोणता यावरून तुम्ही माझ्याशी तीन दिवस वाद घातला होता. मी सातवीत होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशा थाटात वागत होते. शाळेच्या वाचनालयातून ध्रुवावरच्या सफरीचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी ते तुम्हाला मराठीत सांगत होते. अम्मा भाकऱ्या थापत होती. तुम्ही म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या कापड रंगवायच्या कारखान्यातून जेवायला आला होता, हात कोपरापर्यंत निळे, दोनदा धुऊनही निळेच. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तुम्ही चित्रं वाचायचात. पांढऱ्या पानावर एक दाढीवाला साहेब, हातात झेंडा, बाजूला कुत्री. खाली लिहिलं होतं की तो त्या निर्जन प्रदेशात एकटाच उभा आहे. मी ते सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "एकटाच होता तर हे चित्र कोण काढलं ग?" अम्मा हसली. मी चिडले. मग तुम्ही त्याच्या अंगावरच्या केसाळ कोटाला बोट लावलंत. "आणि हे कातडं कोण शिवलं? तिथं राहणारी माणसं असतीलच की. त्यांचं काय लिहिलंय?" त्या पानावर तरी काहीच लिहिलं नव्हतं. मी पुढची पानं उलटून बघितलीसुद्धा नाहीत, "ते महत्त्वाचं नसतं अप्पा" म्हणून मोकळी झाले.

तुमचा खरा राग पांढऱ्या रंगावर होता. "नोडु, बघ की, सावली कुठाय? माणूस उभा आहे, कुत्री उभी आहेत, खाली काहीच पडलं नाही. हे कोरं कापड आहे. काम घेतलं आणि केलंच नाही, तसं." मी म्हटलं, बर्फ पांढराच असतो, पुस्तकात आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून मार्केटात सोडावाल्याकडं नेलंत. गिऱ्हाइकाचा रंग जुळवायचा असला की तुम्ही नमुना उजेडात धरून बघितल्याशिवाय कधी हो म्हणायचा नाहीत, ही सवयच तुमची. त्याच्या बर्फाच्या लादीवरचा भुसा हातानं झाडलात, मला खाली वाकवलंत आणि म्हणालात, "भेगेत बघ." मी बघितलं. भेगेच्या आत निळसर होतं, कडेला थोडं हिरवं. अप्पा, मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे केलं ते मला ठाऊक नसताना केलं असं म्हणायला जागा उरू नये.

त्याच वर्षी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात त्या सफरीचं नाटक बसलं. मागं लावायला बर्फाचा पडदा हवा होता आणि मिसनी विचारलं, कुणाच्या घरी होईल? मी हात वर केला. फुशारकी, दुसरं काय! तुम्ही चार दिवस गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलंत. मांजरपाटाचे पट्टे जोडले, नीळ अगदी पातळ करून कापड आठ वेळा बुडवलं, वाळवलं, परत बुडवलं. भेगा कशा आणल्यात ते मी कोपऱ्यात बसून बघत होते. झिजून तडकलेले जुने लाकडी ठसे तुम्ही पालथे घातलेत आणि त्यांच्या पाठी कापडावर दाबल्यात. नक्षीची बाजू तशीच वर राहिली. लाकडाचे तडे बर्फाच्या भेगा झाले. वरच्या काठाला टांगायला बारा नाड्या शिवल्यात. मला ते इतकं आवडलं होतं की रात्री झोप लागेना. पण मनात एक धास्तीही होती, हे पुस्तकासारखं नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी तुम्ही कापड घेऊन शाळेच्या दारात आलात. सायकलच्या कॅरिअरवर ओलसर गठ्ठा, धोतराला डाग, आणि ते हात. माझ्याबरोबर वर्गातल्या पाच-सहा मुली होत्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या. मिसनी गठ्ठा सोडला आणि त्या हसून म्हणाल्या, "हा बर्फ की समुद्र?" मुली हसल्या. मग मिस माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यारम्मा इवरु?" कोण हे? आणि मी, तुमची एकुलती एक लेक, सरळ तोंड वर करून म्हणाले, "नम्म अंगडि केलसदवरु." आमच्या दुकानातला कामाचा माणूस. तुम्ही ऐकलंत. माझ्यापासून दोन हातांवर उभे होता, ऐकणारच. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. मिसला नमस्कार केलात, "हौदु मिस्सु", हो मिस, म्हणालात आणि सायकल वळवून गेलात. त्या 'हौदु'ची मला आजही लाज वाटते, माझ्या वाक्याइतकीच. मला खोटी पडू द्यायची नाही म्हणून तुम्ही स्वतःला आपल्याच दुकानाचा नोकर करून घेतलंत.

संध्याकाळी रंगमंचावर वसतिगृहाच्या पांढऱ्या चादरी लागल्या. पालकांना बोलावल्याची चिठ्ठी माझ्या दप्तरात तशीच होती, ती मी घरी दाखवलीच नव्हती. घरी आले तर तुम्ही ओट्यावर बसलेले. "लावलं का ग?" मी म्हटलं, लावलं. "लोक काय म्हणाले?" मी म्हटलं, टाळ्या पडल्या. "आय्तु," झालं तर मग, म्हणालात, आणि जेवायला उठलात. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "आमच्या हातचा बर्फ शाळेत लागला होता, विचारा हिला," आणि माझ्याकडं बघायचात. मी मान हलवायची. मला वाटायचं, तुम्ही कौतुकानं बघताय.

तुम्ही गेल्यावर कारखाना रिकामा करताना लोखंडी पेटीत ते कापड सापडलं. बाराही नाड्या कोऱ्या, एकीलाही गाठीची चुणी नाही. घडीत शाळेच्या शिपायाची कन्नड चिठ्ठी होती, उपयोगात आणलं नाही, परत पाठवलं आहे. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवसाची. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, अप्पा, आणि तरी दर वेळी "विचारा हिला" म्हणत तुम्ही माझ्यासमोर दार उघडं ठेवत होता. एकदा जरी मी म्हटलं असतं, नाही लावलं, मी खोटं बोलले! इतकंच तर हवं होतं तुम्हाला. दगड होते मी, दगड.

आता मी म्हैसूरच्याच बोगादी भागात राहते आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तुम्ही हसाल, ध्रुवावरची तीन पुस्तकं मी केली आणि तिन्हींत बर्फ पांढराफटक, झेंडा, एकटा साहेब. आता चौथं चाललंय. यात पहिल्यांदाच मी ते कापड पेटीतून काढून खिडकीत टांगलं आणि त्याच्याकडं बघून रंगवलं. भेगासुद्धा तुमच्याच. कातडं शिवणारी बाईही काढली, चांगली अर्धं पान. पुण्याच्या संपादक मुलीचा परवा फोन आला, "मॅडम, हा निळा कुठून आणलात? अंगावर काटा आला." आणि मी, या वयात, काय म्हणाले असेन? "फोटो बघून." तोंडातून निघूनच गेलं, तेव्हा शाळेच्या दारात निघालं तसं.

फोन ठेवून रडले. मग पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहायला घेतलं, यातला बर्फ माझ्या वडिलांचा आहे, ते म्हैसूरला कलाकार होते. लिहून बघितलं आणि मनातच थू म्हटलं. तुम्ही जन्मात कधी स्वतःला कलाकार म्हणाला नाहीत. कुणी विचारलं की "आम्ही रंगारी" म्हणायचात, छाती काढून. म्हणजे मी पुन्हा दुसराच कुणी माणूस दारात उभा केला. तो शब्द खोडला. 'रंगारी' लिहिताना हात अडला, आणि मनात काय आलं सांगू? इथल्या शेजारणी वाचतील. साठी उलटली माझी, अप्पा, आणि अजून हे!

लिहिलाय तो शब्द. पण खरं सांगते, पेन्सिलीनं लिहिलाय.